पिकअपची नवी सीट

पिकअपचं दार उघडून तो आधी आत डोकं घालायचा, लांब श्वास घ्यायचा आणि मला विचारायचा, "मिस्त्री, वास येते काय?"

मला नव्या रेक्झिनचा वास यायचा. तसं सांगितलं की मान हलवायचा. "तिले येते."

अकोल्यात अकोट रोडवर माझं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. हा अकोटचा. महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात निघालेल्या जुन्या पिकअपमधून सरकीची पोती वाहायचा. आदल्या साली बायकोला बाळंतपणासाठी अकोल्याला आणताना ती वाटेतच, त्या सीटवर, मोकळी झाली. मूल रडलंच नाही. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि ती त्या गाडीत पाय ठेवत नव्हती.

"सारं उपसा," तो म्हणाला. "जुना धागा ठेवू नोका."

मी काथ्या काढला, गंजक्या स्प्रिंगा काढल्या, तळाच्या फळ्या उखडल्या. छताचं कापडही नवं लावलं. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. त्या खटाऱ्याच्या पोटात नवरदेवाची खोली! कापूस त्यानंच आणला, त्यातला कचरा बोटांनी वेचला. सीट बसवल्यावर स्वतः आडवा झाला. "पाठीले टोचत नाई," म्हणाला, आणि डोळ्यांवर हात घेतला.

बायकोला दाखवायला आणलं, तेही एसटीनं. तिनं दारावर हात ठेवून आत पाहिलं.

"चांगली झाली," ती मला म्हणाली. मग त्याला, "पन हे थेच गाडी व्हय ना?"

"काय रायलं त्यातलं? दाखव मले!" तो स्टेअरिंग धरून हिसडू लागला. "हेबी बदलतो! एकडाव बस वं, माय!"

"काईबी बदला तुमी. आत पायलं का थे गपगार पोरगंच दिसते मले."

तो तिथंच मातीत बसला आणि हुंदके देऊन रडला. मी हातातली सुई घेऊन उभा.

कळा लवकर सुरू झाल्या. तिला एसटीतच बसवलं. बस वाटेत बंद पडली तर असावी, म्हणून हा मागून पिकअप घेऊन निघाला. माझ्या दुकानासमोरून बस गेली, तिच्या धुळीत हा. शेजारची हिरवी सीट रिकामी. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मुलगी झाली. जगली. पिकअप त्यानं विकून टाकली.

पुढे एकदाच, अकोटच्या बसमध्ये, तिघं माझ्या पलीकडच्या बाकावर होती. पोरगी आईच्या मांडीवर झोपलेली. वळण आलं की हा समोरची दांडी घट्ट धरायचा आणि उजवा पाय बसच्या पत्र्यावर दाबून ब्रेक शोधायचा.