दाभोळच्या मुलीने थांबवलेलं ऑपरेशन

ऑपरेशन करावं की नाही, याचा देवीने कौल दिला नाही, तेव्हा माझा धीर सुटला. गुरवाने मूर्तीला लावलेल्या पाकळ्या तासभर जागच्या हलल्या नाहीत, ना उजवीकडे पडल्या ना डावीकडे. आणि तेवढा वेळ तिच्यासमोर उभं राहणंही मला जमत नव्हतं. तीस वर्षं मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून डोक्यावर मासळीची टोपली घेऊन दारोदार फिरले, त्यावर दोन मुलं वाढवली, कोणापुढे हात पसरला नाही. आता कमरेचा मणका पुढे सरकला होता आणि नसा दबल्या होत्या. एकदा रस्त्यात शेजारीण म्हणाली, "अगो, तुझी चप्पल मागेच राहिली." चप्पल पायातून निसटल्याचं मला कळलंही नव्हतं.

रत्नागिरीतल्याच एका रुग्णालयात डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. मणक्यात स्क्रू बसवायचे होते आणि त्यांना अगदी लागून पायाच्या नसा जातात. त्यासाठी तिथे नवीन कॉम्प्युटरचं यंत्र आलं होतं. पाठीच्या हाडांचं चित्र पडद्यावर येतं आणि डॉक्टरांचं हत्यार आत नेमकं कुठे पोचलंय ते त्यात दिसत राहतं. मुलगा म्हणाला, "आई, मुंबईला जाऊया. इथे कशाला जोखीम?" पण मला दहा मिनिटं बसवत नव्हतं. देवीने हो म्हटलं नव्हतं, तसं नाहीही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "इथेच करू. पुढचं ती बघेल." हे श्रद्धेने म्हटलं असं सांगितलं तर खोटं होईल. मी थकून म्हटलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी एक सडपातळ मुलगी माझी कागदपत्रं तपासायला आली. ते यंत्र चालवणारी तीच होती.

"तू कुठची गो?" मी विचारलं.

"दाभोळची, मावशी. खारव्यांची. बाबा अजून बोटीवर जातात."

आपल्यातलीच म्हटल्यावर जीभ सुटली. "तुझं यंत्र चुकणार नाही ना?"

तिने खोटा दिलासा दिला नाही. म्हणाली, "त्याला जे दिसतं ते ते सांगतं. ते बरोबर बघतंय ना, त्यावर माझं लक्ष असतं."

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. भूल दिलेल्या त्या चार तासांत मला स्वप्न पडलं नाही, देवीचं दर्शन झालं नाही, काहीच नाही. डॉक्टर स्वतः माझ्या खाटेशी आले आणि मुलासमोर सगळं सांगितलं. यंत्राला पाठ ओळखता यावी म्हणून हाडाला एक छोटी खूण घट्ट बसवलेली असते. दोन स्क्रू बसले होते. तिसऱ्याच्या आधी कोणाचा तरी कोपर त्या खुणेला ओझरता लागला. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही, पडदाही काही बोलला नाही. पण त्या मुलीने ते पाहिलं होतं. ती म्हणाली, "सर, जरा थांबा. एकदा तपासूया." मदतनीस डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक दिसतंय, उशीर होतोय. ती मागे हटली नाही. मग डॉक्टरांनी हत्याराचं टोक ओळखीच्या हाडावर टेकवलं, तर पडद्यावर ते हाडापासून बाजूला दिसलं. खूण हलली होती. पुन्हा सगळी चित्रं काढली, अर्धा तास जास्त गेला, आणि मगच तिसरा स्क्रू बसला.

"इतक्या लोकांत बोलायला धाडस लागतं," डॉक्टर म्हणाले. "तुमचा पाय तिने राखला."

कोणी याला नुसतं तिचं कसब म्हणेल, आणि ते खरंच आहे. तिच्या कसबाचा मला पोटच्या लेकीसारखा अभिमान वाटतो. आमच्या किनाऱ्यावरची एक मुलगी मोठ्या डॉक्टरांना थांबा म्हणाली, आणि ते थांबले. पण नेमकी तीच त्या दिवशी तिथे असावी, हे काही मी जुळवून आणलं नव्हतं. मी फक्त देवीवर सोडलं होतं, तेही नाइलाजाने. तेवढंही पुरलं.

चौथ्या दिवशी वॉकर धरून मी दारापर्यंत चालले. पायाखालची फरशी गार लागली आणि माझे डोळे भरून आले. तेवढ्यात ती मुलगी समोरून आली. वयाचा विचार न करता मी तिच्या पायांशी वाकायला गेले, तर तिने पटकन माझे खांदे धरले.

"मावशी, तीन महिने वाकायचं नाही."

मग मी तिच्यासमोर ताठ उभी राहिले आणि उभ्यानेच हात जोडले.