चार्टमधला आवाज

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, पण गेल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंग गावच्या सुपरमार्केटमध्ये ते गाणं लागलं आणि आता लपवण्यात अर्थ उरला नाही. नव्वदच्या दशकात हॅपी हार्डकोअर नावाचं धडधडतं नाचाचं संगीत क्लबांतून थेट चार्टमध्ये, म्हणजे आठवड्याच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, पोचलं होतं. त्यात गाणारीचा आवाज इतक्या वेगाने पळवायचे की तो लहान मुलीसारखा चिरका व्हायचा. अशाच एका गाण्यात माझी मुलगी गायली होती. ते गाणं चार्टमध्ये आलं त्या रविवारी सकाळी ती मला हळूच म्हणाली, “बाबा, आज चार्ट शोमध्ये माझा व्हॉइस येणार. तुम्हीच सांगा ना सगळ्यांना.” संध्याकाळी आमच्याकडे सत्यनारायण होता. माझ्या हॉस्पिटलमधले मराठी डॉक्टर प्रसादाचा शिरा खात बसले होते, खोलीभर तुपाचा आणि उदबत्तीचा वास होता. तिने रेडिओ लावला. गाणं सुरू होताच आमचे एक सर्जन हसले, “अहो, कुणाची कार्टी किंचाळतेय ही?” मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “कुणाची का असेना, आईबाप तोंड लपवून बसले असतील.” सगळे खो खो हसले. तिने रेडिओ बंद केला आणि पाहुण्यांना पाणी आणून दिलं. त्यानंतर ती घरात कधी गुणगुणलीसुद्धा नाही. गेल्या आठवड्यात सुपरमार्केटमध्ये माझी ट्रॉली तीच ढकलत होती. गाणं ऐकून ती थबकली आणि तिने माझ्याकडे बघितलं, अगदी तेव्हासारखंच. शब्द ओठांपर्यंत आले होते. मी विचारलं, “दूध घेतलंस का गं?”