नाना वस्तादांची खडूची रेघ

नाना वस्ताद कुठलीही वस्तू आधी वाजवायचे, मगच घ्यायचे. मडकं असो, नारळ असो, खाटेचा पाय असो. बोट वाकवून ठोकायचे, कान तिरपा करायचे. सुरतेत भेस्तानच्या बाजारात मडकीवाली त्यांना लांबून बघून ओरडायची, "डॉक्टर आला रे, मडकी झाका!" आम्ही नवीन खोली घेतली तेव्हा त्यांनी दार वाजवलं. मी उघडलं तर म्हणाले, "दार उघडाले नही, तपासाले वाजाडं. लाकूड पोकळ शे, बहिन. वाळवी लागी." वर्षभरात लागली पण.

आम्ही शिरपूरकडचे. गावात हाताला काम नाही, म्हणून आमचे हे सुरतला आले, ते नानांच्याच भरवशावर. नाना तिथं लेथच्या कारखान्यात मोठे मिस्तरी. लोखंड मशीनवर फिरवून कापायचं, घासायचं, ते काम. यांना झाडू मारण्यावरून उचलून त्यांनी लेथवर उभं केलं. शिव्या घातल्या, हातावर फटके दिले, पण टर्नर बनवला. मलाही कामाला लावलं. खाली पडलेला कीस गोळा करायचा आणि वेगळा करायचा. मी शाळेत गेलेली नाही. पण नानांनी दोन मुठी माझ्यापुढे धरल्या. एकीत काळी भुकटी, एकीत चकलीसारखे वेटोळे. म्हणाले, "भुकटी ती बीड. वेटोळं ते स्टील. स्टील वाकस. बीड वाकत नही, बहिन, सरळ फुटस." ते मी कधी विसरले नाही.

मला भाऊ नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात सगळ्या लेकी माहेरी जातात, मी दारात बसून राहायची. नानांना कळलं. त्या वर्षीपासून आखाजी आली की पांढरी टोपी घालून मला न्यायला यायचे. घर पुढच्याच गल्लीत, तरी माझी पिशवी स्वतः उचलायचे. बाभळीला झोका बांधायचे. वहिनी खापरावरची पुरणपोळी करायची, आमरस करायची. आमच्या यांना पाटावर बसवून वाढायचे आणि म्हणायचे, "आज भिका मना पाव्हना. उद्या कारखानामा परत गधडा." हे मान खाली घालून हसायचे. नानांपुढे यांनी कधी मान वर केलीच नाही. वस्तादाला उलट बोलायचं नाही, चार लोकांत तर नाहीच नाही. आमच्याकडे असंच शिकवतात.

मग ती गाडी आली. हिऱ्यावाल्यांचा एक जवान मुलगा, त्याच्याकडे परदेशी जुनी गाडी, लाल, दोनच माणसं बसतील एवढी. हाताने गिअर टाकायची. त्याला शर्यतीत पळवायची होती. इंजिनाच्या मागं एक जड चाक असतं, फ्लायव्हील म्हणतात. त्याला ते हलकं करून पाहिजे होतं. म्हणे, "पाय दाबला की गाडी उठली पाहिजे. ही तर म्हशीसारखी उठते."

चाक बिडाचं होतं. आमचे हे हळूच म्हणाले, "वस्ताद, हे कातरायला नको. नवीन स्टीलचं बनवू. आणि तेही फार हलकं नको, नाहीतर गाडी सुटतानाच बंद पडेल."

नानांनाही ते माहीत होतं. त्यांनीच तर शिकवलेलं. पण पोरगा म्हणाला, "रविवारी शर्यत आहे. तुम्हाला जमत नसेल तर दुसरीकडे जातो." वस्तादाला जमत नाही, असं कोणी त्यांच्या तोंडावर म्हटलं नव्हतं. त्यांनी खडू घेतला, चाकावर रेघ ओढली. "भिका, आठलगून, या रेघलगून काप."

हे म्हणाले, "वस्ताद, फार आत आली रेघ."

"तू माले शिकाडी राह्यना का?"

मी तिथंच टोपली घेऊन बसले होते. यांनी चाक लेथवर चढवलं. काळी भुकटी पडत राहिली, मी भरत राहिले. आणि एक सांगते, त्या दिवशी नानांनी ते चाक वाजवलं नाही.

रविवार यायच्या आधीच ते फुटलं. पोरगा गाडी तापवून बघत होता, इंजिन जोरात ओरडलं आणि चाकाचे तुकडे पत्रा फाडून आत घुसले. त्याच्या पायाचा घोटा गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप, काका, सगळे कारखान्यात उभे. आमचा सेठ घामाघूम. "मिस्तरी, आ कोणे कर्युं?"

नाना यांच्याकडे बघत म्हणाले, "मी इतकं सांगितलं नव्हतं. याचा हात जास्त चालला."

मला वाटलं, आता हे बोलतील. हे जमिनीकडे बघत राहिले. नानांना ठाऊक होतं, हा बोलणार नाही. त्याच भरवशावर ते बोलले.

मी टोपली खाली ठेवली. म्हटलं, "सेठ, रेघ नानांनी ओढली. मी समोर होते."

हेच माझ्यावर ओरडले, "तू गप्प बस!"

आणि नाना, माझी पिशवी उचलणारे नाना, हसले. म्हणाले, "सेठ, बाईमाणसाला लोखंडातलं काय कळतं?"

सेठने यांना त्याच दिवशी काढलं. टर्नरला काम मिळतं ते नावावर. ते नाव गेलं. उधन्यापासून सचिन गावापर्यंत कारखाने हे फिरले, सगळीकडे आधीच पोचलेलं, भिका म्हणजे तो चाक फोडणारा. शेवटी पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये ओले तागे ओढायला लागले. संध्याकाळी घरी आले की कधी हात निळे, कधी लाल. जेवताना रंग भाकरीला लागायचा.

एकदा नाना घरी आले. हे पाळीला गेले होते. ओट्यावर बसले, चहा घेतला. डोळ्यात पाणी आणून म्हणाले, "बहिन, मनी चूक झायी."

मी म्हटलं, "नाना, इथं नको. जिथं बोलला तिथं जाऊन सांगा. सेठसमोर."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आते या वयमा कसं सांगू?" आणि उठून गेले. परत काही आले नाहीत. आखाजीला मी दार लावून घ्यायची.

पुढे ते वारले. यांनी खांदा दिला. मी नको म्हटलं नाही. तेराव्याला मीही गेले, वहिनीसोबत आत पोळ्या लाटायला बसले. तिच्याशी माझं काही वैर नव्हतं. बाहेर मंडपात जुने टर्नर बसलेले. एकेक जण नानांचे गुण सांगत होता. एक म्हणाला, "माणूस लई दिलाचा. भिकाने चाक फोडलं, पोराचा पाय गेला, पण वस्तादांनी भिकाला पोलिसात जाऊ दिलं नाही. सांभाळून घेतलं. काय भिका, खरं ना?"

माझं लाटणं थांबलं. आता वस्ताद नव्हते, अडवणारा कोणी नव्हता.

बाहेरून यांचा आवाज आला. "हो. खरं आहे. फार उपकार त्यांचे."

मी अर्धी लाटलेली पोळी पोळपाटावर तशीच ठेवून उठले. वहिनी म्हणाली, "कुठं निघाल्या, अजून पंगत बसायची आहे."

म्हटलं, "तुम्ही बसवा. मी घरी जाते."