पंचशीलनगरचं तिकीट

मंगरूळपीरहून येणारी मोटार आसोलखेडच्या फाट्यावर थांबायची. फाट्याला लागून बौद्धांची वस्ती, आणि गाव आत, नाल्यापलीकडे. मोटार थांबली की कंडक्टर घंटी ओढून ओरडायचा, "म्हारवाडा! चला, म्हारवाड्याचे उतरा बिगी बिगी!" खिडकीतली माणसं मान वळवून बघायची, कोण कोण उतरतंय ते. वस्तीतले लोक पोती-पिशव्या सावरत खाली बघून उतरायचे. वच्छला मात्र कंडक्टरच्या तोंडाकडे बघत उतरायची, आणि घरी येईपर्यंत तिच्या कानशिलाची शीर उडत राहायची.

तिचा बाप पुंजाजी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हा वच्छला आईच्या कडेवर होती. आल्या आल्या त्याने घरातले देव नाल्यात सोडले आणि गावची मेलेली ढोरं ओढायला साफ नकार दिला. त्यापायी गावाने त्याला झोडपलं. हात मोडला, पण ढोराला हात लावला नाही. पुढे दुष्काळात सडकेच्या कामावर खडी फोडता फोडता तो गेला. बापाने धर्म बदलला, धंदा सोडला, मार खाल्ला, आणि एवढं करूनही गावाच्या तोंडातलं नाव जिथल्या तिथेच. वच्छलेला हे सहन होत नसे. ती मॅट्रिकपर्यंत शिकली होती. सकाळी वस्तीतली पोरं विहारात गोळा करून त्यांना अक्षरं शिकवायची आणि दुपारी आईबरोबर निंदणाला जायची.

तिचा थोरला भाऊ जगदेव औरंगाबादच्या कॉलेजात होता. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो सुटीला आला तो एकटा आला नाही. सोबत एक उंच, कुरळ्या केसांचा, निळ्या डोळ्यांचा पोरगा होता. नबील त्याचं नाव. औषधांचं शिक्षण घ्यायला आलेला. वसतिगृहाची खानावळ सुटीत बंद पडली, आणि याला जायला घर नव्हतं, म्हणून जगदेव त्याला घेऊन आला.

माय कस्तुराबाईने भाकर वाढली, ठेचा वाढला, आणि पाहुण्याला विचारतात तेच विचारलं. "कोन्या गावचा व्हय रे बापा तू?"

जगदेवने हिंदीत सांगितलं. नबीलने घास खाली ठेवला. "लुब्या," तो म्हणाला.

"कुठी हाय थे?"

"फिलिस्तीन में."

जगदेव म्हणाला, "आता नाई राह्यलं माय थे गाव. अठ्ठेचाळीस साली फौज आली, लोक पयाले. घरं पाडली. आता म्हने तथी झाडं लावली हायेत, रान करून टाकलं. हा तर लेबनॉनातल्या छावणीत जन्मला. यानं गाव पाह्यलंच नाई."

"मंग पाह्यलं नाई तर सांगून कसा राह्यला का मी तथचा हावो?" कस्तुराबाई म्हणाली. तिने चेष्टा नव्हती केली, तिला खरंच समजत नव्हतं.

नबीलला प्रश्न कळला. आपल्या मोडक्या हिंदीत तो हळूहळू म्हणाला, "माँ रोज पूछता था. सब बच्चा लोग को. तुम किधर का? हम बोलता, लुब्या का. फिर रोटी देता था."

कस्तुराबाईने पदर तोंडाला लावला. वच्छला चुलीपाशी बसली होती. तिने तव्यावरची भाकर उतरवून नबीलच्या ताटात टाकली.

औरंगाबादला नबीलच्या मुलखातली आणखी पोरं होती. ती सभा भरवायची, भिंतींना कागद चिकटवायची, चौकात उभं राहून आपल्या देशाचं नाव ओरडून सांगायची. जगदेव त्यांच्या सभेला जायचा आणि ती पोरं जयंतीच्या मिरवणुकीत यायची. हे सगळं ऐकताना वच्छलेच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. या माणसाचं गाव जमिनीवरून पुसलं, तरी तो छाती काढून नाव सांगतो. आमची वस्ती जमिनीवर धडधडीत उभी आहे, आणि आम्ही खाली मान घालून उतरतो.

नाव ठरलेलं होतं, पुंजाजी होता तेव्हापासून. पंचशीलनगर. फक्त ते वस्तीच्या आतच बोललं जायचं. जगदेवने सुताराकडून सागाची फळी आणली. वच्छलेने निळ्या रंगात अक्षरं काढली, नबील रंगाचा डबा धरून उभा राहिला. सगळी वस्ती जमली, वंदना झाली, फाट्यावर फळी रोवली.

तिसऱ्या दिवशी फळी नाल्यात सापडली, कुऱ्हाडीने मधोमध फोडलेली. कोणी फोडली ते सांगायला साक्षीदार नको होता. त्याच सकाळी शालिग्राम पाटील वस्तीवरून गेले. नाल्याकाठची सगळी काळी जमीन त्यांची, आणि वस्तीतल्या अर्ध्या घरांची चूल त्यांच्या मजुरीवर. बैलगाडी न थांबवताच ते म्हणाले, "फयी लावल्यानं का जात बदलते का रे जगदेव? शिकला तेवढा बह्याड झाला."

जगदेव दुसरी फळी आणायला निघाला. वच्छलेने त्याला अडवलं. "नोको दादा. लाकूड त्याईले तोडता येते. तोंडातलं नाव कसं तोडतात थे पाहू."

मंगरूळच्या बाजाराचा दिवस होता. परतीच्या मोटारीत कंडक्टर तिकिटं फाडत तिच्यापाशी आला.

"पंचशीलनगर," वच्छला म्हणाली.

"हे कोन्तं?"

"आसोलखेडच्या फाट्यावरचं."

"थे म्हारवाडा म्हन ना मंग!"

"थे नाव नाई आमचं. पंचशीलनगर द्या."

"असं गावच नाई!" कंडक्टर सगळ्या मोटारीला ऐकू जाईल असं म्हणाला. लोक हसले. "म्हारवाडा म्हन, नाईतर उतर."

"मी उतरत नाई. पैसे हे घ्या आन् तिकीट द्या."

त्याने घंटी ओढली. मोटार भर सडकेवर थांबली आणि वच्छलेची पिशवी बाहेर भिरकावली गेली. तिच्यामागे तीही उतरली. वरून वैशाखाचं ऊन, खाली तापलेली सडक, विखुरलेले कांदे. तिने एकेक कांदा वेचला आणि चालत घरी आली. रडली नाही. पाणी प्याली आणि घरोघरी गेली. पंचफुलेकडे, विजयमालेकडे, म्हाताऱ्या गोमतीबाईकडे. प्रत्येकीला तिने विचारलं, "आपन कुठच्या व?" आणि उत्तर नीट येईपर्यंत तिथून हलली नाही. गोमतीबाईच्या तोंडात दात नव्हते, नाव फुसफुसत यायचं. तिने ते दिवसभर घोकलं.

पुढच्या बाजाराला त्याच मोटारीत वस्तीतल्या बाया चढल्या. कंडक्टरने पहिलीला विचारलं. पंचशीलनगर. दुसरीला विचारलं. पंचशीलनगर. गोमतीबाईने पैसे पुढे केले आणि आपल्या बोळक्या तोंडाने तेच म्हटलं. कंडक्टरचा चेहरा लालबुंद झाला. एवढ्या बायांना उतरवणार कसा? कोणी जागची हलेना. मागच्या बाकावर जगदेव आणि नबील होते. नबीलने खिशातून पैसे काढले आणि तोही म्हणाला, "पंचशीलनगर." त्याच्या तोंडात तो शब्द वाकडा झाला, पण बाया मोठ्याने हसल्या आणि मोटारीतले दुसरे लोकही हसले. हे हसू कंडक्टरला झोंबलं. त्याने मोटार सरळ ठाण्यावर नेली.

ठाण्यात जमादाराने बायांकडे बघितलंसुद्धा नाही. पाटलांचा निरोप आधीच पोचला होता, की वस्तीत पाकिस्तानी माणूस लपवून ठेवलाय. त्याने नबीलला पुढे उभं केलं.

"गाव?"

"लुब्या."

"देश?"

"फिलिस्तीन."

जमादाराने भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे मान केली. "दाखव. कुठी हाय? असा देशच नाई. खरं बोल, पाकिस्तानातून आला का?"

इतका वेळ हसतमुख असलेला तो पोरगा नकाशापुढे उभा राहिला आणि त्याला बोट ठेवायला जागा सापडेना. जिथे त्याचा देश होता तिथे दुसरंच नाव छापलेलं. ते पाहून वच्छला पेटली. ती बायांतून पुढे आली.

"सायब, मोटारीत मले म्हनलं असं गाव नाई. अथी तुमी याले म्हनता असा देश नाई. मंग आमी जन्मलो कुठी? हवेत? याच्या मायनं याले भाकरीसंगं गाव खाऊ घातलं. तुमच्या नकाशात नाई तर तुमचा नकाशा खोटा!"

"ए, तोंड सांभाय!"

"सांभायलंच आजवर. माह्या बापानंबी सांभायलं. काय भेटलं आमाले? कोनाच्या घरी चोरी केली आमी? आमचं नाव आमी सांगतो, यात कोन्ता गुन्हा हाय थे दाखवा!"

जमादार उठला, त्याने हात उचलला. तेवढ्यात सगळ्या बाया तिच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. हात खाली आला. पण राग कुठेतरी निघायला हवा होता, तो नबीलवर निघाला. परदेशी माणसाने खबर न देता जिल्हा सोडला, असं कलम सापडलं. त्याला शिपायासोबत औरंगाबादला रवाना केलं, आणि जगदेव त्याच्याबरोबर गेला. जाताना नबीलने कस्तुराबाईला निरोप ठेवला, की रोटी अच्छी थी.

पाटलांनी त्या हंगामात वस्तीतल्या एकालाही पेरणीला बोलावलं नाही. पोहरादेवीकडून मजूर आणले. वस्तीने गावातल्या किसनसिंग ठाकुराच्या चार एकरांवर आणि शिरपूरच्या वाटेवरच्या शेतांत कसंबसं भागवलं. मोटारीचा प्रश्न मिटला तो असा: कंडक्टर लोक 'म्हारवाडा' ओरडायचे बंद झाले, पण 'पंचशीलनगर' एकानेही म्हटलं नाही. नुसतं "फाटा!" म्हणून घंटी ओढायचे. वस्तीतले लोक म्हणाले, चला, एवढं तर झालं. वच्छला म्हणाली, "काय झालं? शिवी काहाडून घेतली, पन नाव देलं का?"

नबील परीक्षा देऊन लेबनॉनला परतला, त्याच्या पुढच्याच वर्षी तिकडे लढाई पेटल्याची बातमी आली. जगदेवने पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. कस्तुराबाई रेडिओवर बातम्या लागल्या की बोलणं थांबवायची. रेडिओ छावण्यांबद्दल सांगायचा, पण त्यातल्या माणसांची गावं कधीच सांगायचा नाही.

अठ्ठ्याहत्तर साली वस्तीत सरकारी हातपंप बसला. उद्घाटनाला साहेब आले, हार आले, शालिग्राम पाटीलही आले. पंपाच्या ओट्यात बसवायला कोरीव दगड आणला होता, त्यावर 'हरिजन वस्ती' असं लिहिलेलं. वच्छला ओट्यावर चढली आणि गवंड्याच्या हातातली थापी तिने काढून घेतली.

"आमी हरिजन नाई, सायब. बौद्ध हावो. आन् वस्तीले नाव हाय."

"बाई, वरून असंच आलंय," साहेब म्हणाले.

"मंग वर पाठवा वापस. पान्यावर हे नाव लिवलं तर आमी नाल्याचं पिऊ."

साहेबांनी पाटलांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. बाया घागरी घेऊन आल्या होत्या, एकीनेही घागर खाली ठेवली नाही. शेवटी दगड न बसवताच पंप हापसला गेला, फोटो निघाला, जीप गेली. दगड तिथेच पडून राहिला. संध्याकाळी वच्छलेने आणि विजयमालेने तो ढकलत ढकलत सांडपाण्यापाशी नेला आणि अक्षरांची बाजू चिखलात घालून पालथा पाडला. वस्तीतल्या बाया त्याच्यावर अजून धुणं आपटतात.