पेनीचा पट्टा

अलास्कातल्या युकॉन नदीत मासे येईनासे झाले आणि कुत्र्यांना घालायला काही उरलं नाही. हर्मनचे शर्यतीचे कुत्रे एकेक करून परक्या घरी गेले. आज शेवटची पेनी निघाली होती, शहरातल्या एकाच्या पिल्लांना धावायला शिकवायला. नऊ वर्षं बर्फावरच्या स्लेज गाडीच्या पुढे धावलेली ती काही केल्या न्यायला आलेल्या त्या माणसाच्या ट्रकमध्ये चढेना.

"तुझ्यासारखीच हट्टी," बायको ऑलिव्ह म्हणाली. "जुंपायचा पट्टा घाल तिला."

"अगं, ही फसवणूक झाली."

"मग घे उचलून, मोड कंबर!"

हर्मनने पट्टा आणला. पेनीने आपणहून त्यात मान घातली, शर्यतीला निघाल्यासारखी आनंदाने भुंकली आणि एका उडीत चढली. पट्टा काढून घ्यायला हर्मनचा हात धजेना.