नखाने न निघणारा रंग

रायिसा पेत्रिव्नाने एकतीस वर्षं खार्किव्हच्या ट्राम आगारात डब्यांवर आकडे रंगवले. आता, एकसष्टाव्या वर्षी, ती गावाबाहेरच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये रणगाड्यांवर पांढऱ्या फुल्या काढत असे. दोन्ही बाजूंचे रणगाडे एकाच घडणीचे. दुरून आपला कोणता नि शत्रूचा कोणता, हे त्या फुलीवरूनच कळायचं.

ऑक्टोबरात घाईघाईत तिने एक फुली ओलसर पोलादावरच ओढली होती. रणगाडा वाटेतला ओढा ओलांडताना ती धुऊन गेली आणि पलीकडच्या टेकडीवरून आपल्याच माणसांनी त्यावर गोळा डागला. त्यात चालक गेला. तिला कुणी बोल लावला नाही. तेच जास्त जड झालं. तेव्हापासून वाळलेला रंग अंगठ्याच्या नखाने खरवडून पाहिल्याशिवाय ती एकही गाडी सोडत नसे.

त्या मंगळवारी थंडी उणे आठ होती. शत्रूकडून हिसकावलेला एक रणगाडा दुरुस्त होऊन उभा होता. त्यावरचं शत्रूचं ओळखीचं अक्षर पुसून तिने सकाळीच फुली काढली होती. सव्वीस वर्षांचा कमांडर यारेमा इंजिन सुरू ठेवूनच खाली उतरला.

"झालं ना, रायिसा पेत्रिव्ना? अकराला निघायचंय."

तिने नख लावलं. रंगाचं सालपट सुटून हातात आलं. खाली हिमाचा पातळ पापुद्रा होता. पुसायचं तिच्याकडूनच राहिलं होतं.

"खरवडा सगळी. पुन्हा काढते. दोन तास लागतील."

"दोन तास? तिकडे माझी पोरं वाट बघतायत! चिकटपट्टीची फुली लावा की."

"या गारठ्यात? पहिल्या झुडपालाच लोंबेल ती."

"वाद घालू नकोस, बाबा," मेकॅनिक ओस्ताप गाडीखालून म्हणाला. "सातचा आकडा वाकडा आला म्हणून हिने एकदा अख्खी ट्राम अडवली होती."

"नऊचा होता," ती म्हणाली.

यारेमाला हसू आलं नाही. तो गाडीवर चढू लागला.

"ऑक्टोबरातली ती फुली माझी होती," रायिसा म्हणाली.

हे तिने आजवर स्वतःच्या तोंडाने कुणापुढे कबूल केलं नव्हतं. यारेमाने इंजिन बंद केलं आणि पोलाद शेकायला स्वतःच ज्योत फेकणारा गॅसचा बर्नर उचलला.

निघताना तिने त्याच्या हाती एक फडका दिला. "चिखलाने झाकली, की फुली नसल्यातच जमा. आपल्यांच्या समोर जाण्याआधी पुसायची."

"आमची आईसुद्धा इतकी मागे लागत नाही हो!"

शुक्रवारी दुपारी रणगाडा परत आला. यारेमाचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"वळणावर आपल्याच गाडीने तोफ रोखली आमच्यावर," तो म्हणाला. "फुलीवरचा चिखल मी नुकताच पुसला होता. बराच वेळ रोखून होते. मग फुली बघून तोफ खाली घेतली."

फडका काळाकुट्ट झाला होता. "धुऊन देतो," तो म्हणाला.

"राहू दे."

तिने तो बादलीत भिजत घातला, फुलीवरून एकवार नख फिरवलं आणि बूट न काढताच स्टुलावर बसून डोळे मिटले.