सेठजींच्या दानाचे फोटो

किस्से गोळा करावे लागत नाहीत. राइस मिलच्या धुळीसारखे ते आपोआप अंगावर बसतात आणि कितीही झटकले तरी शिवणीत राहतात.

आमच्या सेठजींनी गोंदियात मिल काढली, वाढवली, पोराच्या हाती दिली आणि स्वतः दानशूर झाले. मी कॉलेज अर्ध्यात सोडून त्यांच्या ट्रस्टमध्ये फोटो काढायला लागलो. इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं, "बाप काय करते?"

"आमगावले शेती आहे जी."

शेती कसली? बापानं वीस वर्षं ह्यांच्याच मिलमध्ये पोती उचलली, कंबर गेली तेव्हा घरी बसला. हमालाच्या पोराला हे ऑफिसात घेत नाहीत, मिलमध्ये पाठवतात. घरी येऊन मी खोटं सांगितल्याचं कबूल केलं. बाबा एवढंच म्हणाले, "बरं केलं. नोकरी टिकव."

*

चिचगडकडे एका गावात हातपंप दिला. समोर संगमरवरी पाटी, सेठजींच्या तीन पिढ्यांसकट. एक बुढी माय गुंड-कळशी घेऊन आली, पाटीभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, "हे थोडी सरकवा ना बापू, मंग पानी भरतो."

पाटी तिथंच आहे.

*

शाळेला बेंच दिले. पाठीवर सेठजींचं नाव, रंग ओला. पोरं टेकून बसली, नाव सगळ्यांच्या शर्टांवर उमटलं. हेडमास्तर हात जोडून सेठजींना म्हणाले, "उलटं उमटलं जी, माफ करा."

पोरांना कोणी काही म्हणालं नाही. मी त्यांना पाठमोरं उभं करून फोटो काढला.

*

साडीवाटपात एका आजीचे डोळे फोटोत दरवेळी मिटायचे. साडी परत घ्यायची, परत द्यायची. चौथ्यांदा ती म्हणाली, "घरी चार भेटल्या म्हनून सांगू का?"

सगळे हसले. मी पण.

*

मागच्या महिन्यात मिलच्या जुन्या हमालांना कंबरेचे पट्टे वाटले. सेठजी माइकवर म्हणाले, "माझ्या एकेक माणसाला मी नावानं ओळखतो." तिसऱ्या नंबरवर बाबा स्टेजवर चढले, कठड्याला धरून.

"नाव काय तुमचं?" सेठजींनी विचारलं.

बाबांनी नुसतं नाव सांगितलं, आडनाव गिळलं.

"अच्छा, अच्छा. पोरगं काय करते?"

बाबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग सेठजींकडे.

"पोरगं नाही जी मले."

सेठजींनी पट्टा पुढं केला आणि मला खूण केली.

मी म्हणालो, "बाबाजी, इकडं पहा. जरा हसा."

ते हसले.